बाहेरून आत वाचायचा दगड

अकीक हातात घेतला की नजर आधी मधोमध जाते. तिथे स्फटिकांची लकाकी असते, नाहीतर एखादा गडद डोळा आणि त्याच्याभोवती कडी. पण हा दगड ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने पाहायचा तर सुरुवात कडेपासून करावी लागते. सर्वांत बाहेरची रेघ सर्वांत जुनी आणि मधला ठिपका सर्वांत शेवटचा. झाडाच्या खोडात काळ आतून बाहेर जातो, अकीकात तो बाहेरून आत येतो. एवढं एक ध्यानात ठेवलं की रंगीत खडा म्हणून बाजूला ठेवलेल्या वस्तूला आदि, मध्य आणि अंत मिळतात, आणि कवितेसारखीच तीही ओळीने वाचता येते.

माझ्यासमोरचा तुकडा मोखाडा तालुक्यातल्या एका ओहळातला आहे. मुठीत मावेल एवढा, एका बाजूने फुटलेला. न फुटलेली बाजू कुणी वाकून उचलावी अशी नाही. खवडे पडलेली, मातकट, मधूनमधून हिरवट. फुटलेल्या बाजूला पाणी लावलं की मात्र रेघा उमटतात. कोरडा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश इकडेतिकडे फेकून देतो आणि दगड मुका वाटतो. ओला झाला की पाण्याचा पातळ पडदा बारीक खाचखळगे भरून काढतो आणि प्रकाश आत शिरतो. कारागीर तासन्‌तास घासून जे कायमचं साधतो तेच ओहळाचं पाणी घटकाभर करून दाखवतं. म्हणून अकीक दुकानातल्या काचेआड पाहण्याआधी एकदा वाहत्या पाण्यात पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

तर कडेपासून. पहिला थर हिरवा आणि नखाएवढ्या जाडीचा. हे सेलाडोनाइट. अभ्रकाच्या कुळातलं, लोह आणि पोटॅशियम बाळगणारं मऊ खनिज, नखाने खरवडलं तरी सुटणारं. सह्याद्रीच्या कातळातली पोकळी भरायला लागते तेव्हा अनेकदा या हिरव्या अस्तरानेच सुरुवात झालेली दिसते. त्याच्या आत दुधी थर, ज्यात नुसत्या डोळ्यांना रेघ सापडत नाही. मग निळसर करडा पट्टा आणि त्यात रेघाच रेघा, भिंग घेऊनही मोजताना चुकावं इतक्या बारीक. त्यानंतर गंजाच्या रंगाची एकच रेघ. या तुकड्यातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. इतका वेळ सगळं करड्यात चाललेलं असताना ती एकदाच येते, पूर्ण फेरी मारते आणि पुन्हा कुठेही दिसत नाही. त्या वेळी पाण्याबरोबर थोडं लोह आलं आणि मग थांबलं, असा तिचा साधा अर्थ. पण ती रेघ नसती तर आधीचा करडा आणि नंतरचा पांढरा यांच्यातला फरक इतका जाणवला नसता. चांगल्या ओवीत एखादा शब्द असा असतो, की त्याच्यामुळे पुढचे-मागचे साधे शब्द ऐकू येऊ लागतात.

गंजाच्या रेघेनंतर पांढरा पट्टा आहे, आणि त्याला कोपरे आहेत. बाहेरच्या रेघा गोलाई धरून चाललेल्या, हा मात्र वळणावर एकदम काटकोनाकडे झुकतो. प्रत्येक नवा थर आधीच्या थरावर बसतो आणि त्याचा आकार उचलतो. एकदा कुठे टोक आलं की पुढचे सगळे थर ते टोक सांभाळत आत जातात. असे कोपरे असलेल्या अकीकाला खनिजशास्त्रात तटबंदीचं नाव आहे, कारण त्यात उंचावरून पाहिलेल्या किल्ल्याचे बुरूज आणि तट दिसतात. शेवटी क्वार्ट्झचे स्फटिक, सगळी टोकं आत वळलेली, आणि मध्ये वाटाण्याएवढी पोकळी उरलेली. लिहिणाऱ्याची शाई तिथे संपली.

या तुकड्याचा मुलूख, जव्हार-मोखाड्याचा, तोही मोलाचा आहे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. 1980च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी त्यांच्या रासायनिक घडणीवरून गट पाडले आणि प्रत्येक गटाला गावांची, घाटांची नावं दिली. तळापासून वर चढत गेलं तर क्रम असा लागतो : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. सगळे थर एकावर एक मांडले तर जाडी 3 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि त्या सगळ्याच्या तळाशी नाव आहे ते जव्हारचं. जगभरातले अभ्यासक दख्खनच्या ज्वालामुखीचे थर तळापासून मोजताना या छोट्या डोंगरी गावाचं नाव सर्वांत आधी घेतात. जव्हारला आलेल्या पाहुण्याला मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा दाखवतात, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले होते तो शिरपामाळ दाखवतात. दोन्ही पाहण्यासारखे आहेतच. पण पायाखालच्या कातळाचं हे मोठेपण पाहुण्याला कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही, आणि ते सांगायला हवं. लेंढी नदी दाभोसा इथे सुमारे 300 फूट खाली कोसळते. पावसाळा ओसरल्यावर तिथे कड्याकडे नीट पाहिलं तर लाव्हाच्या थरांची आडवी मांडणी डोळ्यांनी दिसते.

हे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. डायनोसॉरांचा काळ संपत होता तेव्हाचे. बहुतेक सगळा पसारा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला, हे भूशास्त्राच्या मापाने फार झटपट झालं. लाव्हा पसरताना त्यातला वायू वर यायला धडपडतो. वरचा भाग आधी थिजतो आणि बुडबुडे तिथेच अडकतात, घावनाला जाळी पडते तसे. लाव्हा सरकत असताना बुडबुडा ताणला गेला की पोकळी बदामी होते. थराच्या तळाशी कधी उभ्या नळ्या तयार होतात, आणि लाव्हा ज्या दिशेने वाहत होता त्या दिशेला त्या वाकलेल्या असतात. अकीकाचा बाह्य आकार असा आधीच ठरून गेलेला असतो. त्याला साचा मिळतो तो निघून गेलेल्या वायूचा.

अकीक येतो तो त्यानंतर, खूप सावकाश. कातळात मुरणारं कोमट-गरम पाणी बेसाल्टमधली सिलिका विरघळवत हिंडतं आणि पोकळीच्या भिंतीवर ती ठेवून जातं. ही सिलिका मोठ्या स्फटिकांच्या रूपात न बसता केसाहून कितीतरी बारीक तंतूंच्या रूपात बसते. त्या तंतुमय दगडाला कॅल्सेडनी म्हणतात, आणि कॅल्सेडनीत पट्टे दिसले की तो अकीक. तंतू भिंतीला काटकोनात, आतल्या दिशेने वाढतात. रेघा त्यांना आडव्या जातात. म्हणजे आपल्याला दिसणारी प्रत्येक रेघ ही वाढ जिथे बदलली ती जागा आहे. तंतू जाड झाले, पातळ झाले, त्यांच्यामधली छिद्रं कमी-जास्त झाली, पाण्यात लोह आलं. रेघा इतक्या नियमित का पडतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. प्रत्येक रेघ म्हणजे पाण्याचा नवा लोंढा, असं काहींचं म्हणणं. काहींच्या मते एकदा भरलेल्या सिलिकेतच घट्ट होताना आपोआप पट्टे पडतात. मोखाड्याच्या तुकड्यातली ती एकुलती गंजाची रेघ पाहताना मला पहिला पक्ष पटतो, शेजारच्या शेकडो सारख्या रेघा पाहताना दुसरा.

ओहळांत याहून वेगळी घडणही मिळते, आणि ती मला बुद्धीला अधिक सुख देणारी वाटते. तिच्यात कडेच्या रेघा नेहमीसारख्या भिंत धरून वळलेल्या असतात, पण पोकळीच्या तळाशी मात्र सरळ, आडव्या, एकमेकींना समांतर रेघा साचलेल्या दिसतात. तिथे सिलिका भिंतीला न चिकटता कणाकणाने खाली बसली आहे. या रेघा त्या वेळच्या पाणसळीत आहेत. दगड नंतर कातळातून सुटला, ओहळात घरंगळला, उलटापालटा झाला तरी त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे त्या रेघा अजून सांगतात. लाव्हाचा थर नंतर कलला असेल तर किती कलला, हेही जागेवरच्या अशा दगडावरून काढता येतं. तळहाताएवढ्या वस्तूत कोट्यवधी वर्षांपूर्वीची क्षितिजाची दिशा शाबूत राहावी, यापुढे मला कुठल्याही रत्नाचं तेज फिकं वाटतं.

पट्टे सरळ असले आणि काळा-पांढरा असा रंगभेद ठसठशीत असला की व्यापारात त्याला ऑनिक्स म्हणतात. आपल्याकडे सुलेमानी या नावाने ओळखतात तोही याच घराण्यातला. पट्ट्यांत तपकिरी-तांबडा आला की सार्डोनिक्स. रोमन कारागीर त्यातून उठावाचे चेहरे कोरत, वरच्या पांढऱ्या थरात मुद्रा आणि खालच्या गडद थरात पार्श्वभूमी. दगडाची घडण ओळखून तिलाच कामाला लावण्याची ही तऱ्हा मोठी रसिकतेची. कड्याच्या आत कडं असे पूर्ण गोल आले तर डोळ्याचा अकीक. पोकळी बंद होताना आत पाणी अडकून राहिलं तर दगड हलवल्यावर आतला थेंब सरकताना दिसतो. असा दगड फार जपावा लागतो, कारण कॅल्सेडनी पूर्ण बंदिस्त नसते, उन्हात ठेवला तर पाणी हळूहळू निघून जातं. इंद्रधनुषी आणि ज्वालेसारखे चमकणारे प्रकार आहेत, पण ते प्रामुख्याने अमेरिका-मेक्सिकोकडचे. त्यांच्याविषयी त्यांच्या मुलखातल्या माणसांनी लिहावं.

शेवाळी अकीकाची गोष्ट निराळी. त्यात पट्टे नसतातच, त्यामुळे काटेकोर बोलणारे त्याला अकीक म्हणायला कचरतात. अर्धपारदर्शक कॅल्सेडनीत हिरव्या, तांबड्या, काळ्या खनिजांचे धागे पसरलेले असतात. लोह-मँगेनीजच्या ऑक्साइडांनी झाडाच्या फांद्यांसारखी आकृती धरली की ते झाड, त्यामागची टेकडी आणि वर आभाळ असं चित्र बघणाऱ्याला दिसू लागतं. झाड तिथे कधीच नव्हतं. बारीक फटीत शिरलेल्या द्रावणाने वाट मिळेल तशा फांद्या फोडल्या. उत्तर प्रदेशातल्या बांद्याजवळच्या केन नदीतले असे दगड शजर या नावाने प्रसिद्ध आहेत. भारतातले हे दगड एकेकाळी येमेनच्या मोखा बंदरातून पश्चिमेकडे जात, म्हणून युरोपात त्यांना मोखाचा दगड हेच नाव पडलं. हिंदुस्थानातल्या नदीचा दगड अरबी बंदराच्या नावाने ओळखला गेला.

रंगाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. जव्हार-मोखाड्याकडचा अकीक बहुधा करडा, दुधी, निळसर, फार तर मधाळ. भडक नाही. बाजारात गडद गुलाबी, जांभळ्या, मोरपिशी रंगाच्या ज्या चकत्या दिसतात त्या जवळजवळ सगळ्या रंगवलेल्या असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा मूळ दगड ब्राझीलचा. रंगवण्याची विद्या जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावाने एकोणिसाव्या शतकात पूर्णत्वाला नेली. काळा रंग आणायचा तर दगड साखरेच्या पाकात दिवसेंदिवस भिजवायचा आणि मग गंधकाम्लात टाकायचा. छिद्रांत शिरलेली साखर जळून कोळसा होते. यात फसवणूक नाही, सांगून विकलं तर. उलट या युक्तीतून दगडाबद्दल एक गोष्ट कळते. सगळे पट्टे रंग पीत नाहीत. सच्छिद्र पट्टा पितो, घट्ट पट्टा नाकारतो, आणि नुसत्या डोळ्यांना एकसारखे दिसणारे शेजारी पट्टे किती वेगळे होते ते रंगामुळे उघड होतं. तरी माझी पसंती न रंगवलेल्या करड्यालाच. करड्यात रेघा मोजायला डोळा थांबतो, भडक रंगात तो रंगावरच अडकतो.

तांबड्याचा मात्र अपवाद करायचा. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला पिवळट-तपकिरी दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून शेण्यांच्या मंद आचेत भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी निघून जातं आणि पिवळा रंग तांबडा होतो. हाच तो कार्नेलियन, तांबडा अकीक. आच घाईची झाली की दगड तडकतो. ही कृती हडप्पाकालीन कारागिरांनाही साधली होती. सिंधू संस्कृतीतले कार्नेलियनचे लांब मणी मेसोपोटेमियातल्या उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. अकीकाच्या धंद्यातले लोक त्यांना आपले पीर मानतात.

रतनपूरचा दगड खंभातला जातो आणि तिथे त्याचे मणी होतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचवायचा. घाव शिंगाचा, कपचा निघतो लोखंडाच्या बाजूने. कारागिराच्या हातात पाहिलं तर हे काम इतकं हलकं दिसतं की दगड आपणहून आकार घेतोय असं वाटावं. पण घासताना, भोक पाडताना उडणारी धूळ सिलिकेची असते. ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. खंभातच्या कारागिरांमधल्या सिलिकोसिसवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यास केले आहेत, धूळ खेचून घेणारी यंत्रंही सुचवली आहेत. अकीकाच्या सौंदर्यावर लिहिताना ही धूळ गाळून लिहिणं मला जमणार नाही. गळ्यातल्या गुळगुळीत मण्यामागे कुणाचा तरी श्वास लागलेला आहे.

महाराष्ट्राचं अकीकाशी नातं तितकंच जुनं. प्रवरेकाठच्या नेवाशाला आणि घोडनदीकाठच्या इनामगावला झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची पाती मोठ्या संख्येने मिळाली. तांबं दुर्मीळ, दगड मुबलक, त्यामुळे कापण्या-सोलण्याचं रोजचं काम दगडाच्या पात्यांवर चाले. कॅल्सेडनी फुटते ती शिंपल्यासारख्या वक्र, धारदार कपच्यांत, आणि पोलादी चाकूनेही तिच्यावर ओरखडा उठत नाही. मुंबईच्या साष्टी बेटावरही सूक्ष्मास्त्रं सापडली आहेत. पुढे सातवाहनकाळात हाच दगड निर्यातीचा माल झाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणहून भरूचला गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून ऑनिक्स मोठ्या प्रमाणावर येत असल्याची नोंद आहे. त्याच पुस्तकात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावं आहेत. सोपाऱ्याकडून नाशिककडे चढणाऱ्या जुन्या वाटांपैकी गोंदा घाट आणि शिरघाट हे याच जव्हार-मोखाडा भागातले. त्यांवरून चालणाऱ्या तांड्यांच्या बैलांच्या खुरांखाली अकीकाचे न उचललेले गोटे असणारच.

आज त्याच बाजूने त्र्यंबक, नाशिक ओलांडून सिन्नरला गेलं की ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय लागतं. के. सी. पांडे यांनी उभारलेलं. तिथे दख्खनच्या पोकळ्यांतली अपोफिलाइट, स्टिल्बाइट, पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट अशी खनिजं मांडली आहेत, आणि पाहणाऱ्याचा श्वास थांबतो हे खरं. त्या झगमगाटात अकीकापुढे माणसं फार थांबत नाहीत. स्टिल्बाइट पहिल्या नजरेत सगळं देऊन टाकतं. अकीकाला वेळ द्यावा लागतो. एकाच दरडीत शेजारी शेजारी वाढलेली ही भावंडं, पण स्वभाव वेगळे. अकीक नवरत्नांत नाही, कुठल्या ग्रहाच्या वाट्याला तो मानाने आलेला नाही, आणि याचं मला समाधान वाटतं. त्याचा चिवटपणा मात्र प्रयोगशाळांनी ओळखला. नमुने कुटायचा खल अकीकाचा असतो, आणि जुन्या नाजूक तराजूंची दांडी अकीकाच्या धारेवर तोलली जाई.

कापलेला अकीक पाहताना एक सावधगिरी बाळगावी. करवत पोकळीच्या मधून गेली तर रेघा अरुंद आणि खऱ्या जाडीच्या दिसतात. तिरकी गेली तर त्याच रेघा रुंद होतात. कडेजवळून गेली तर मधले स्फटिक दिसतच नाहीत, दगड गाभ्यापर्यंत पट्ट्यांचा वाटतो. एकाच दगडाच्या दोन चकत्या म्हणून दोन वेगळी चित्रं देतात, आणि कारागिराने कुठे करवत लावली हाही त्या चित्राचा भाग असतो. दोन्ही चकत्या एकत्र ठेवलेल्या मिळाल्या तर त्या तशाच घ्याव्यात.

जव्हार-मोखाड्यात अकीक पाहायचा तर भाद्रपद सरल्यावर जावं. ओहळांचं पाणी निवळलेलं असतं आणि गोटे धुऊन निघालेले असतात. हिरवट साल, आकाराच्या मानाने जाणवणारा घट्टपणा, हाताला लागणारा गारवा या खुणा. डोंगराच्या कड्यांत, धबधब्यांच्या भिंतींत छिन्नी चालवू नये. बराचसा मुलूख वनखात्याचा आहे, आणि अकीक आता गौण खनिजांच्या यादीत असल्याने काढायला परवाना लागतो. विहीर खोदताना निघालेल्या दगडांचा ढीग ही पाहण्याची सर्वांत चांगली जागा. दगड ताजा फुटलेला असतो, कुठल्या खोलीवर लागला ते खोदणारे बिनचूक सांगतात, आणि घरधन्याला विचारून, पाण्याची बाटली जवळ ठेवून तिथे एकेक तुकडा ओला करत निवांत बसता येतं.